सतरा नंबरच्या शीटमधलं तळं

आमच्या ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम गोळा केले नाहीत. पेनाच्या टोकाशी शाई वाळून जमत जाते, दर पाच मिनिटांनी पुसली तरी जमतेच, तसे ते जमले. मैत्रिणींना एखादा सांगितला की आधी म्हणतात, "चल, काहीतरी थापा!" आणि लगेच म्हणतात, "बरं, पुढचा सांग!" म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे सांगून टाकावेत. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. माझं अजून ठरलेलं नाही.

तर ऑफिस होतं कलकत्त्याला, बागबाजारात, एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. काम नकाशे ट्रेस करायचं. सर्व्हेवाल्यांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा टेबलावर खाली ठेवायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न रेघ काळ्या शाईनं वर गिरवायची. सहा टेबलं. पाच पुरुष आणि मी.

भूगोल घेऊन बी.ए. झाले होते, वर्षभराचा ड्राफ्टिंगचा कोर्स केला होता आणि घरात कोणालाही न विचारता अर्ज टाकला होता. बाबा बँकेत ऑफिसर, बदलीवर नागपूरहून आलेले. आम्ही डमडमला भाड्यानं राहायचो. ऑफिसचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, सहा महिने प्रोबेशन. तेवढ्यात एक पूर्ण शीट ट्रेस करून हेड ड्राफ्ट्समनच्या सहीनं पास झाली तर कायम. नाही तर नमस्कार!

बाबांची बदली केव्हाही परत नागपूरला होणार होती. मी कायम झाले तर कलकत्त्यात राहणार होते. नाही झाले तर ट्रंकांबरोबर मीही नागपूरला, जिथे मावशीनं मुलांची यादी करून ठेवली होती. इतकं सोपं गणित. एक शीट!

ती मला मिळाली. नंबर सतरा.

*

पहिल्याच दिवशी हेड ड्राफ्ट्समन अनादिबाबूंनी विचारलं, "घर कुठलं, मा?"

बंगालीत मोठी माणसं मुलीला 'मा' म्हणतात, म्हणजे आई. बाविसाव्या वर्षी मला साठ वर्षांचा मुलगा झाला!

"महाराष्ट्र," मी म्हटलं.

पाचही टेबलांवरची पेनं थांबली. अनादिबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसरा त्याच वाटेवर. "म्हणजे बर्गी!"

बर्गी म्हणजे मराठा घोडेस्वार. सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्यांनी बंगाल लुटला आणि त्यांच्या भीतीनं कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणला. तो खंदक सुरू व्हायचा बागबाजारातूनच. बर्गी काही कलकत्त्यापर्यंत आले नाहीत. खंदक अर्धवट राहिला, कुजला, बुजवला, त्यावर रस्ते झाले. अनादिबाबूंच्या मते त्याचा एक तुकडा थेट आमच्या इमारतीखालून गेला होता.

"एवढा खंदक खणला आणि तुम्ही आलाच नाहीत!"

"ट्राम मिळाली नसेल," मी म्हटलं.

सगळे हसले. मग मला खिडकीजवळचं टेबल दाखवण्यात आलं. उजेड छान, वारा छान. मी म्हटलं, इतकी चांगली जागा रिकामी कशी? तर टेबलाचे चारही पाय खालून चार बोटं उंचीपर्यंत काळे पडून फुगलेले. पाण्यात उभ्या असलेल्या लाकडाचे होतात तसे.

"सुतारानं दोनदा पाय बदलले," अनादिबाबू शांतपणे म्हणाले. "परत होतात."

"दुसऱ्या मजल्यावर?"

"बुजवलेल्या पाण्याला मजले मोजता येत नाहीत, मा. बस."

*

आता त्या कापडाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. ट्रेसिंगचं कापड म्हणजे तलम सुती कापड, त्याला इतकी खळ घातलेली की काचेसारखं चकचकीत आणि आरपार दिसणारं. शाई त्यावर शंभर वर्षं टिकते. पण पाण्याचा एक थेंब पडला की तेवढी खळ विरघळते, तिथे पांढरा फोड येतो, आणि महिन्याचं काम बाद! कलकत्त्याच्या हवेत हे काम म्हणजे शिक्षाच. हाताखाली टॉवेल, कपाळाला पट्टी, पंखा बंद, आणि पंखा आपण बंद केला नाही तर लोडशेडिंग करायचं.

माझ्या शीटवर सॉल्ट लेकच्या नव्या वसाहतीचे प्लॉट होते. सॉल्ट लेक तेव्हा लेक राहिलं नव्हतं आणि गावही झालं नव्हतं. मैलोन् मैल मासेमारीची पाणथळ होती, ती गंगेतला रेताड गाळ पाइपानं आणून बुजवली होती. जुन्या नकाशात जिथे तळी, तिथे नव्या नकाशात चौकोन. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.

अनादिबाबूंचा इथे एक नियम होता. नकाशातून एखादं तळं गाळायचं असेल तर शीटच्या मागे, खालच्या डाव्या कोपऱ्यात, कडक पेन्सिलीनं त्याचं नाव लिहायचं. प्रिंट निघाली की खोडायचं. इतकंच.

"कशासाठी?" मी विचारलं.

"कोणी घर सोडून निघालं तर आपण नाव घेऊन निरोप देतो की नाही?"

"पाण्याला निरोप? मग हारतुरेही आणू का?"

बाकीचे पाचजण मुकाट्यानं नावं लिहायचे. बी.एस्सी. झालेले लोक! माझ्या शीटवर एकच तळं गाळायचं होतं, प्लॉट नंबर त्रेचाळीसच्या जागेवर, आजूबाजूला पसरलेलं, लंबगोल. जुन्या नकाशात त्याला नावच नव्हतं. मी म्हटलं, नाव नाही, प्रश्न मिटला.

एकोणीस दिवस काम केलं. विसाव्या दिवशी दुपारी डबा खायला जिन्यात बसले. परत येऊन पाहते तर शीटवर पांढरा फोड. रुपयाएवढा, गोल. बरोबर त्रेचाळीस नंबरवर.

"घाम पडला असेल," सगळे म्हणाले.

मी जिन्यात होते. माझा घाम टेबलावर कसा पडणार?

*

हाराधनदा आमचे सर्व्हेअर. चाळिशीचे, बारीक, सतत पान. आठवड्यातले चार दिवस सॉल्ट लेकच्या वाळूत, दोन दिवस ऑफिसात. माझी शीट बाद झाली त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण. तिच्यातून सगळं उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. सर्व्हेअरला त्याची इतकी सवय असते की सरळ माणूस दिसला तर तो दचकेल. समोर तीनशे फुटांवर एक माणूस आकडे काढलेली उंच पट्टी धरून उभा राहतो, त्याला स्टाफमन म्हणतात. पट्टीवरचा आकडा दुर्बिणीतून वाचायचा की जमिनीची उंची कळते.

"तर दीदी," हाराधनदा म्हणाले, "भर दुपार. त्रेचाळीस नंबरवर स्टाफमन उभा. मी डोळा लावला. तो उलटा दिसला, ठीक. पण त्याच्या पायांना पाय लावून अजून एक माणूस. सरळ!"

मला कळायला क्षणभर लागला. दुर्बिणीत सरळ दिसला म्हणजे प्रत्यक्षात उलटा. पायांना पाय लावून उलटा.

"प्रतिबिंब?"

"डोळा काढून पाहिलं. कोरडी वाळू. एकच माणूस. परत डोळा लावला, दोघे."

"मृगजळ!" मी म्हटलं. "तापलेल्या वाळूवर हवेचे थर होतात, प्रकाश वाकतो. आम्हाला धडा होता."

"असेल," हाराधनदा म्हणाले. "तुमच्या धड्यात स्टाफमन परत येताना थंडीनं कुडकुडत होता का?"

धड्यात ते नव्हतं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार! रीडिंग घेतलं. दोघांचं सारखंच आलं."

स्टाफमननं दुसऱ्या दिवसापासून काम सोडलं.

*

दुसरी शीट मी चिडून केली. टेबल खिडकीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं. डबा खायलासुद्धा उठत नव्हते. आमच्या धंद्यात एक हमखास चूक होते. आदल्या कामाची शीट नजरचुकीनं खाली राहते आणि माणूस एकाऐवजी दोन नकाशे एकदम गिरवतो. एकदा एका दादानं एका गावात दोन रेल्वे स्टेशनं काढली होती! म्हणून मी रोज सकाळी टेबल रिकामं करून, हात फिरवून बघायची. खाली एकच शीट. वर एकच कापड.

पंधराव्या दिवशी अनादिबाबू फिरत फिरत आले. ते नजरेपेक्षा अंगठ्यानं शीट तपासायचे. शाईची रेघ कापडावर किंचित उंच येते, ती त्यांना हाताला कळायची. अंगठा फिरवता फिरवता थांबला.

"हे काय काढलंस?"

चाळीस ते शेहेचाळीस नंबरच्या प्लॉटांमधून एक रेघ गेली होती. लंबगोल, दोन्ही टोकं जुळलेली, न थरथरता काढलेली. माझ्याच पेनानं. माझ्याच जाडीची. मी सकाळपासून प्लॉटच काढत होते. निदान मला तसंच वाटत होतं.

कापड उचललं. खाली नव्या वसाहतीचा पेन्सिल नकाशा. त्यात तसली रेघ नव्हती. नकाशा उचलला. खाली टेबलाची फळी.

"किनारा काढलास तू, मा," अनादिबाबू म्हणाले, आणि आवाजात कौतुक होतं, हे जास्त लागलं.

मी ब्लेडनं रेघ खरवडायला बसले. खरवडता खरवडता कापडाला भोक पडलं. शीट दुसरी, बाद.

घरी पोचले तर बाबा पत्र हातात घेऊन बसलेले. बदलीची ऑर्डर! दोन महिन्यांनी नागपूर.

आई म्हणाली, "बरं झालं. सुटलीस त्या कळकट जागेतून. मावशीनं एक इंजिनिअर बघितलाय."

"मी येणार नाही."

"दोनदा नापास झाल्यावरही?"

"तिसऱ्यांदा बसता येतं! बाबा मॅट्रिकला तिसऱ्यांदाच पास झाले होते ना?"

ही गोष्ट आजीनं मला सांगितली होती आणि ती कोणी उच्चारायची नसते. बाबांनी पत्राची घडी घातली. "शीट पास झाली तर राहा," ते म्हणाले. "नाही झाली तर त्या दिवशी एक शब्द न बोलता सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल!"

*

मध्येच अनादिबाबूंचा किस्सा सांगते, नाहीतर ते नुसतेच खडूस म्हातारे वाटतील. ते तसे होतेच, पण नुसते नव्हते.

त्यांचं गाव सीमेच्या पलीकडे राहिलेलं. फाळणीनंतर परत गेले नाहीत. दर वर्षी एका ठरावीक दिवशी ते स्वतःच्या गावाचा नकाशा आठवणीनं नव्यानं काढायचे. मंदिर, शाळा, बाजार, आणि घरामागचं तळं, त्याच्या घाटाच्या पायऱ्या मोजून अकरा. "हात विसरू नये म्हणून," म्हणायचे. मला हे बघून इतका वैताग यायचा! चोवीस वर्षं झाली, सोडून द्या की! पण तो नकाशा सुंदर असायचा, हे खरं.

त्या वर्षी सीमेपलीकडून माणसांचे लोंढे येत होते. त्यात त्यांच्याच गावचे एक मास्तर विचारत विचारत ऑफिसात आले. अनादिबाबूंनी लगेच नकाशा पसरला. मास्तर एकेक जागा बघून मान डोलवत होते. तळ्यापाशी आले आणि थांबले.

"ही सातवी पायरी तुटकी काढलीय."

"तुटकीच आहे ना?" अनादिबाबू म्हणाले.

"आहे," मास्तर म्हणाले. "पण ती गेल्या पावसाळ्यात तुटली."

मी कपाटातून मागच्या वर्षांचे नकाशे काढले. मला सोक्षमोक्ष लावायचा असतो! आदल्या वर्षीपर्यंत सगळ्या नकाशांत अकराच्या अकरा पायऱ्या धड होत्या.

अनादिबाबूंनी नकाशाची गुंडाळी केली. "बघितलंस?" मला म्हणाले. "हात विसरत नाही. कळवत राहतो."

*

तिसऱ्या शीटच्या वेळी शहरात दोन दिवस बंद पुकारला. ऑफिसला टाळं लागणार. दिवस फुकट घालवायची माझी तयारी नव्हती. ट्रेसिंग निम्म्यावर आलं होतं, ते पत्र्याच्या नळकांड्यात घातलं, झाकण घट्ट लावलं आणि कोणालाही न विचारता घरी घेऊन निघाले. ट्राम बंद, बस बंद, अर्धा रस्ता चालत. नळकांडं छातीशी धरलेलं. कुठेतरी बॉम्ब फुटल्याचा आवाज झाला तेव्हासुद्धा मी आधी झाकण चाचपलं!

डमडमला पोचून जेवणाच्या टेबलावर नळकांडं उघडलं. पत्रा आतून ठणठणीत कोरडा. आणि आतलं कापड मऊ! काचेसारखं कडक कापड धोतरासारखं लोळत बाहेर आलं. खळीचा कण नाही. शाई फिकी पडलेली. आणि वास शेवाळाचा.

मी खुर्चीत बसले. आई आली, कापडाचा पदर बोटांत धरला आणि म्हणाली, "अगो बाई, काय सुरेख सूत आहे!"

खोटं नाही. खळ धुतलेलं ट्रेसिंगचं कापड मलमलीसारखं असतं. ड्राफ्ट्समनांच्या घरच्या बाळांची झबली त्याचीच असतात. आईनं दुसऱ्या दिवशी त्याचे सहा रुमाल शिवले, स्वच्छ धुऊन गच्चीवर दोरीला लावले. म्हणे बाद झालेलं निदान वाया तरी जायला नको.

संध्याकाळी पाच रुमाल वाळले. एक वाळला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशीही त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं, खाली गच्चीवर हिरवट डाग पडला होता.

"कलकत्त्याची हवाच दमट," बाबा म्हणाले.

"पाच रुमालांना वेगळी हवा होती का?"

"तुला प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा असतो."

मी गच्चीवर जाऊन तो रुमाल उजेडात धरला. शाई पुसट झाली होती, पण आकडा वाचता येत होता. त्रेचाळीस. आईला मी काही सांगितलं नाही. तिनंच आठव्या दिवशी तो रुमाल उचलून आमच्या घरामागच्या डबक्यात टाकला आणि हात जोडले. "विचारू नकोस," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच मी विचारलं नाही.

*

सहा महिने संपायला चौदा दिवस उरले. घरात ट्रंका काढल्या होत्या. चौथं कापड टेबलावर ताणून बसवलं, पेन हातात घेतलं आणि हात उचलेना.

अनादिबाबू शेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणणार, सोड. सगळे तेच म्हणत होते.

"नाव विचारून ये, मा," ते म्हणाले.

"कोणाला? कागदावर नाही, वसाहतीच्या लोकांना माहीत नाही. तळ्यालाच विचारू?"

"तिथे जा. उभी राहा. बाकी मला माहीत नाही. मीसुद्धा चोवीस वर्षं फक्त उभाच आहे."

मी गेले ते नाव विचारायला नाही. तिथे काहीही नाही हे एकदा डोळ्यांनी बघायला गेले. हाराधनदांना स्टाफमन मिळत नव्हता. मी म्हटलं, द्या ती पट्टी, मी धरते. त्यांनी कच्च्या रस्त्यावर लेव्हल लावली आणि मी पट्टी खांद्यावर टाकून वाळूत शिरले.

दुपारचे बारा. झाड नाही, पक्षी नाही. वाळूवर मिठाची पापडी, पायाखाली पापडासारखीच मोडणारी. त्रेचाळीस नंबरची खुंटी दिसली. पट्टी उभी केली.

खुंटीच्या पलीकडे एक म्हातारी बसली होती. उकिडवी, मांडीवर मासे पकडायचं जाळं, त्याची भोकं शिवत. वाळूत आजूबाजूला मैलभर मासा नाही! मला वाटलं, इथलीच कोळीण असेल, वसाहतीनं उठवलेली. म्हटलं, विचारून टाकू.

"मावशी, इथे एक तळं होतं ना? त्याचं नाव काय होतं?"

तिनं वर बघितलं. "होतं?"

मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. "बरं, नाव काय आहे?"

तिनं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. ते लिहायची जागा ठरलेली आहे.

"तू कुठली?" तिनं विचारलं.

"मी बर्गी," मी गमतीनं म्हटलं. तोपर्यंत सवय झाली होती.

ती हसली नाही. जाळ्याची गाठ दातांनी ओढत म्हणाली, "बर्गी येणार म्हणून हाकाटी झाली तेव्हा आम्ही सगळ्या इथेच लपलो होतो. नाकापर्यंत पाण्यात. तीन दिवस."

"मग?"

"मग काय? बर्गी गेले. साहेब आले, ते गेले. आता हे वाळूवाले आलेत." तिनं जाळं झटकलं. "आपण दम धरायचा."

रस्त्यावरून हाराधनदांनी रुमाल हलवला. रीडिंग झालं होतं. मी पट्टी उचलली आणि निघाले. पायांना गारवा जाणवत होता. सावलीत आल्यावर बघितलं तर चपला ओल्या होत्या. म्हटलं, गाळाचा पाइप कुठेतरी फुटला असेल.

हाराधनदांनी परतीच्या वाटेवर पानसुद्धा खाल्लं नाही.

*

ऑफिसात येऊन मी आधी कापड उलटं केलं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात कडक पेन्सिलीनं नाव लिहिलं. अनादिबाबू जिंकले असं त्यांना वाटू नये म्हणून ते चहाला गेले असताना लिहिलं! मग कापड सरळ करून ताणलं आणि कामाला लागले. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. त्रेचाळीसच्या चार रेघा काढायला मला पूर्ण सकाळ लागली. थेंब पडला नाही. हात भरकटला नाही. बाहेर बॉम्ब, आत लोडशेडिंग, घरी दोरीनं बांधलेल्या ट्रंका, आणि मी रेघ काढत होते.

शेवटच्या दिवशी चार वाजता शीट अनादिबाबूंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी अंगठा फिरवायला सुरुवात केली. अर्धा तास फिरवत होते. त्रेचाळीसवर पूर्ण तळहात ठेवला.

"कोरडं आहे," म्हणाले. आणि सही केली.

पाचही टेबलं टाळ्या वाजवायला लागली. मी मात्र घड्याळाकडे बघत होते. बाबांना बँकेत फोन करायला साडेपाचपर्यंत वेळ होता आणि मला तो शब्द ऐकायचा होता, "राहा."

अनादिबाबूंनी कापड उलटं केलं. कोपरा डोळ्याशी नेला, मोतीबिंदूच्या कडेनं वाचला आणि हळूच हसले. "कोणी सांगितलं?"

"तिथे एक म्हातारी बसली होती. जाळं शिवत. तिनंच."

दारात हाराधनदा चहाचं मातीचं भांडं घेऊन उभे होते. त्यांनी ते जपून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

"आता पास झाली ना शीट?" त्यांनी अनादिबाबूंना विचारलं. "सही झाली? परत घेता येत नाही ना?"

"नाही. का?"

"मग सांगतो. आधी सांगितलं असतं तर दीदींनी पेन उचललं नसतं." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पट्टी धरून उभ्या होतात तेवढा सगळा वेळ माझा डोळा दुर्बिणीला होता. एकदाही काढला नाही. काढायची हिंमत झाली नाही."

"मग म्हातारी दिसली असेलच तुम्हाला!"

"दिसली," हाराधनदा म्हणाले. "वाळूवर तुम्ही एकट्याच होतात, दीदी. पाण्यात दोघी होतात."